बारा अधिक चप्पल गुणिले तीन

भटारखाना आतून पाहिलेला माणूस त्या हॉटेलात जेवत नाही, आणि कंसमामा तर भटारखान्यातच नोकरीला होता. त्यामुळे वडिलांना ज्या वॉर्डात दाखल केलं तिथल्या टेबलावरच्या पडद्यावर आपल्याच कंपनीची निळी चौकट दिसली, तेव्हा त्याचा पाय उंबऱ्यातच अडला. सिस्टर त्या चौकटीत काहीतरी टाइप करत होत्या. मधूनच आबांच्या हाताला जोडलेल्या औषधाच्या पंपाकडे बघत होत्या. पंपाने तासाला किती औषध सोडायचं हे ती चौकट सांगणार होती. ती चौकट काय गिळते आणि कशी गिळते, हे त्या अख्ख्या इमारतीत एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस हातात थर्मास धरून दारात उभा होता.

कंसमामा हे नाव कंपनीतलं. गणितात कंस घाला, कंस घाला, असं तो येता-जाता सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडत असे, म्हणून पडलेलं. पुराणातल्या मामाने भाचे मारले. याने आयुष्यात झुरळ मारलं नव्हतं, कारण मारलं तर उचलावं लागेल. स्वभावाने तो किळसणारा माणूस होता. फळं तीनदा धुवायचा, दाराची कडी कोपराने उघडायचा, आणि कुणाकडे गेला तर कप डाव्या हाताने धरून चहा प्यायचा. उजव्या हाताने पिणारे जास्त असतात, त्यामुळे कपाच्या त्या बाजूला कमी लोकांचे ओठ लागलेले असतात, हे त्याने विचार करून काढलं होतं. बायकोने एकदा त्याला सांगितलं होतं, “अहो, त्या घरी दोघंही डावखुरे आहेत.” तो तीन दिवस नीट जेवला नव्हता.

अशा माणसाच्या वाट्याला नशिबाने काम काय द्यावं, तर लोकांनी टाइप केलेला वाट्टेल तो मजकूर खाणाऱ्या प्रोग्रामची देखभाल.

सांगायला गोष्ट सोपी आहे. माणूस चौकटीत ‘२ + ३’ लिहितो तेव्हा त्याला बेरीज दिसते. यंत्राला बेरीजबिरीज काही दिसत नाही, नुसती अक्षरांची माळ दिसते. ती माळ तोडायची, मणी वेगळे करायचे. हा आकडा, हे चिन्ह, हा कंस. मग पंगतीत कोण आधी बसणार ते ठरवायचं: कंसातलं सगळ्यांत आधी, गुणाकार-भागाकार त्यानंतर, बेरीज-वजाबाकी शेवटी. आणि मण्यांत एखादा खडा निघालाच, तर थांबायचं आणि म्हणायचं, ‘समजलं नाही.’ जगातला कुठलाही बऱ्या घरचा प्रोग्राम एवढं म्हणतो.

हा म्हणत नसे. तो साहेबांच्या मेहुण्यांनी लिहिला होता. कंपनीत मेहुणे हे नातं नव्हतं, पद होतं. शिपायापासून हिशेबनीसापर्यंत सगळे त्यांना मेहुणेच म्हणत, आणि ते ओ देत. साहेबांचं धंद्यातलं तत्त्व एकच, की ग्राहकाला लाल अक्षर दिसता कामा नये. लाल अक्षर दिसलं की ग्राहक घाबरतो, घाबरला की फोन करतो, आणि फोन वाजला की तो कुणीतरी उचलावा लागतो. तेव्हा मेहुण्यांनी तोड काढली. न समजणारं अक्षर आलं तर टाकून द्यायचं. दोन चिन्हं शेजारी आली तर दुसरं ठेवायचं. कंस उघडला आणि बंद करायचा राहिला तर आपणच शेवटी एक लावून टाकायचा. हे सगळं मुकाट्याने. म्हणजे रस्त्यात पडलेला घास उचलायचा, त्यातले केस काढायचे, फुंकर मारायची आणि तोंडात टाकायचा, आणि वर मिटक्या मारत म्हणायचं, छान झालंय.

मूळ प्रोग्राममध्ये मेहुण्यांनी आपल्याच सोयीसाठी जागोजागी टिपा लिहून ठेवल्या होत्या. एका ठिकाणी होतं, ‘इथे काय होतं ते माहीत नाही, पण काढलं तर बंद पडतं.’ दुसऱ्या ठिकाणी नुसतंच, ‘शू.’ कंसमामा ती पानं वाचायला बसला की मध्येच उठून हात धुऊन येत असे.

कंपनीचं स्वयंपाकघरही त्याच धर्तीचं होतं. सगळ्यांच्या कपांना मिळून एक स्पंज होता. तो मूळचा हिरवा असावा असा लोकांचा अंदाज होता. आणि साहेबांना बोलता बोलता पेनच्या टोपणाने कान कोरायची सवय होती. कोरून झालं की ते टोपण पेनला लावत आणि पेन समोरच्याला देत, “करा सही.”

आबांच्या वॉर्डात निळी चौकट पाहिली, त्याच्या दुसऱ्या दिवशी कंसमामा साहेबांच्या खोलीत गेला. मेहुणे तिथे होतेच. ते खिडकीपाशी बसून कीबोर्ड उलटा करून झटकत होते. त्यातून बिस्किटांचा भुगा, नखं आणि एक टाचणी पडली. टाचणी त्यांनी खिशात ठेवली.

“साहेब, दोन मिनिटं,” कंसमामा म्हणाला. “तुमच्यासमोर एक गणित करायचंय.”

“करा की. गणितावरच तर पोट आहे आपलं.”

कंसमामाने चौकट उघडली आणि टाइप केलं: १२ + चप्पल * ३.

उत्तर आलं, ३६.

साहेबांनी चष्मा वर केला, पुन्हा खाली केला, आणि समाधानाने मेहुण्यांकडे पाहिलं.

“आलं की,” ते म्हणाले.

“साहेब, काय आलं?”

“उत्तर. झटकन आलं. मागे तीन-चार सेकंद लागायचे, नाही का हो मेहुणे?”

“ते मी कमी केले,” मेहुणे म्हणाले.

“साहेब, मी त्याला चप्पल घातलीय,” कंसमामा म्हणाला. “बारामध्ये तीन चपला मिळवल्यात. त्याने चप्पल फेकून दिली, अधिक फेकून दिलं, आणि बारा त्रिक छत्तीस करून वाढलं. हे उत्तर नाही, साहेब. ही उलटी आहे.”

“मामा, तुमची भाषा,” साहेब म्हणाले. “ग्राहक कशाला चप्पल लिहील? आपल्याकडे हॉस्पिटलं आहेत. सुशिक्षित लोक आहेत.”

“चप्पल नाही लिहिणार. पण शून्याच्या जागी ओ लिहील. घाईत कंस विसरेल. आणि हा निर्लज्ज तिथेही उत्तर देईल. माझे वडील त्यातल्याच एका हॉस्पिटलात आहेत, साहेब. कालपासून.”

“अरेरे,” साहेब मनापासून म्हणाले. “काय झालंय?”

“हृदय थकलंय. अंगात पाणी साठलंय.”

“जपा. वडील म्हणजे काय, आभाळ असतं.” साहेबांनी पेन उचललं, टोपण काढलं आणि कानात घातलं. “असं करा. तुम्हाला जसा हवा तसा लिहा नवा. बघू.”

साहेब ‘बघू’ म्हणाले की ते बघत नाहीत, हे कंसमामाला माहीत होतं. पण तो नाकासमोर चालणारा माणूस. त्याने लिहिला. आठवडाभर सकाळी तो कंपनीत बसे आणि दुपारी भेटीच्या वेळेला वॉर्डात. वॉर्डात सगळ्या वासांवर फिनेलचा वास असे आणि फिनेलखाली दुसरं काहीतरी. कंसमामा नाकाने श्वास घ्यायचा थांबला होता. तोंडाने घेतला तर तो वास जिभेवर बसतो, हे कळल्यावर तोही कमी केला होता.

आबा मात्र मजेत होते. त्यांचे पाय उशीसारखे सुजले होते. बोटाने दाबलं की खळगा पडे आणि बराच वेळ तसाच राही. आबा तो येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवत. शेजारच्या खाटेवर एक निवृत्त ड्रायव्हर होते. पहिल्याच दिवशी आबांनी त्यांना सांगून टाकलं होतं, “ते निळं मशीन दिसतंय ना? आमच्या चिरंजीवांनी बनवलंय.”

“मी नाही बनवलं, आबा. मी सांभाळतो.”

“तेच ते. मूल जन्माला कुणीही घालतो, सांभाळणारा महत्त्वाचा.”

आबांना कधी, कुठल्याही प्रश्नाला ‘माहीत नाही’ म्हणताना कुणी ऐकलं नव्हतं. त्यांना रस्ता विचारलेला माणूस रिकाम्या हाताने परत गेला नाही. पोचला मात्र क्वचितच. उचलली जीभ की लावली टाळ्याला. लहानपणी कंसमामाने त्यांना विचारलं होतं, पाल भिंतीवरून पडत का नाही. आबा म्हणाले होते, तिला सवय असते. आता तोच स्वभाव यंत्राच्या रूपाने त्यांच्याच उशाशी येऊन बसला होता, आणि दोघांचं छान जमत होतं. सिस्टरांनी आकडे टाकले, उत्तर आलं की आबा खाटेवरून दाद देत, “वा. तिखट आहे पोरगं.”

कंसमामाचा नवा प्रोग्राम तयार झाला. अक्षरांची माळ नीट तोडणारा, प्रत्येक मणी हातात घेऊन बघणारा, खडा दिसला तर थांबून लाल अक्षरांत सांगणारा: ‘समजलं नाही. दुसरा कंस सापडत नाही.’ एवढंच. उत्तर नाही. त्याने त्याला चप्पल घालून पाहिली. प्रोग्राम म्हणाला, ‘चप्पल म्हणजे काय ते समजलं नाही.’ कित्येक दिवसांत कंसमामाला पहिल्यांदा काहीतरी स्वच्छ हाताला लागल्यासारखं वाटलं.

साहेबांनी बैठक बोलावली. बैठकीला साहेब, मेहुणे, कंसमामा आणि एक बिस्किटांची थाळी होती. थाळीतलं प्रत्येक बिस्कीट मेहुण्यांनी हातात घेऊन, दोन्ही बाजूंनी बघून, परत ठेवलेलं होतं.

“मामा, काम सुंदर आहे,” साहेब म्हणाले. “पण हे ‘समजलं नाही’ फार लागतं हो मनाला. आपलं मशीन ढ आहे असं वाटतं.”

“ढ नाही साहेब, प्रामाणिक वाटेल.”

“ग्राहक प्रामाणिकपणाचे पैसे देत नाही, उत्तराचे देतो.”

“लाल रंग उग्र आहे,” मेहुणे म्हणाले. “हिरवा करू. आणि भाषा जरा गोड.”

“रंगाचा प्रश्नच नाहीये,” कंसमामा म्हणाला. “खाली आकडा देऊ नका. आकडा दिला की वरचं कुणी वाचत नाही.”

“आकडा तर द्यावाच लागेल,” साहेब म्हणाले. “नाहीतर माणूस रिकाम्या चौकटीकडे बघत बसणार. वॉर्डात ते बरं दिसतं का? माझं ऐका, सुवर्णमध्य काढू. आकडा मोठा, खाली बारीक हिरव्यात सूचना. मेहुणे, मसुदा?”

मेहुण्यांनी डोळे मिटले. ‘आपल्या गणितात आम्ही किंचित सुधारणा केली आहे. धन्यवाद.’

“क्या बात है,” साहेब म्हणाले. “चालेल ना, मामा?”

भेटीची वेळ व्हायला आली होती. आबांची उशी बदलायची होती, डॉक्टर आज नवं औषध सुरू करणार होते, आणि रजेच्या अर्जावर दोघांच्याही सह्या अजून व्हायच्या होत्या. साहेबांनी पेन पुढे केलं. टोपणाच्या टोकाला पिवळं काहीतरी होतं. कंसमामाने त्या टोकाकडे पाहिलं, अर्जाकडे पाहिलं, आणि म्हणाला, “चालेल.”

जिन्यात त्याला आपल्या तोंडाची चव बदलल्यासारखी वाटली. खाली जाऊन त्याने चूळ भरली. चव गेली नाही. मेहुण्यांनी तेवढ्यात हिरवी सूचना जोडून नवी आवृत्ती सगळ्या हॉस्पिटलांत चढवून दिली होती. कामाला ते तसे चपळ होते. नव्या प्रोग्रामचं डोकं काढून त्याजागी आपलं जुनं बसवायला त्यांना चहा निवायच्या आत जमलं.

कंसमामा वॉर्डात पोचला तेव्हा बायको आधीच आली होती. ती आबांचं डोकं पुसत होती आणि आबा ड्रायव्हरना पाल का पडत नाही ते समजावत होते. टेबलापाशी नेहमीच्या थोरल्या सिस्टर कानाला फोन लावून उभ्या होत्या.

“हो डॉक्टर. सत्तर उणे आठ गुणिले अर्धा. हो. लावते.” फोन ठेवून त्या चौकटीकडे वळल्या. बोटं सराईत होती. कंसमामा उशी हातात घेऊन त्यांच्या मागून चालला होता. सवयीने त्याची नजर पडद्यावर गेली.

(७० - ८ * ०.५

आणि खाली, ठसठशीत: ६६. त्याच्याखाली फिकट हिरव्यात बारीक अक्षरं.

सिस्टर पंपाकडे गेल्या आणि सहासष्टचा पहिला सहा दाबला.

“सिस्टर, थांबा.”

“काय झालं, काका?”

“तो कंस. तुम्ही उघडलाय, बंद नाही केला.”

सिस्टरांनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं. “हो का. राहिला वाटतं. पण मशीन करतं ना बंद. बघा, खाली धन्यवादपण म्हणतंय.”

“काय सुधारणा केली ते म्हणतंय का?”

“किंचित केली म्हणतंय.”

कंसमामाने उशी खाटेवर ठेवली. “सिस्टर, त्याने कंस सगळ्यांत शेवटी लावलाय. म्हणून आठाचे निम्मे केले, चार, आणि सत्तरातून चार वजा केले. तुम्हाला कंस आठनंतर लावायचा असेल तर आधी सत्तरातून आठ जातात, आणि मग निम्मे. एकतीस. एकतीस आणि सहासष्ट. दुपटीच्या वर आहे.”

सिस्टरांचा हात पंपावरून खाली आला. त्यांनी पंपाचं बटण दाबून सहा पुसला.

“मग कुठलं खरं?” त्यांनी विचारलं.

“डॉक्टर काय म्हणाले?”

“सत्तर उणे आठ गुणिले अर्धा.”

“कंस कुठे म्हणाले?”

“काका, डॉक्टर कंस बोलत नाहीत. कुणीच बोलत नाही. मी आपला सुरुवातीला लावला, बरा दिसतो म्हणून. तुम्ही या कंपनीतले ना? आजोबा सांगत होते. मग तुम्हीच सांगा. एकतीस लावू का सहासष्ट?”

वॉर्डातल्या चार-पाच माना वळल्या. बायको ओला रुमाल हातात धरून बघत होती. शेजारचे ड्रायव्हर कोपरावर उठून बसले. आबांनी मुलाकडे अशा नजरेने पाहिलं, की हा आता भरसभेत उत्तर देणार आणि आपली कॉलर ताठ होणार.

कंसमामाला एकतीस बरोबर वाटत होतं. आठ म्हणजे अंगातलं पाणी असणार, खरं वजन त्याशिवायचं, मग त्याचे निम्मे. असंच असणार. शब्द जिभेवर आला होता. आणि त्याच क्षणी त्याला मेहुण्यांचा मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा दिसला. तेही असंच करत असत. हे असंच असणार म्हणत आणि कंस लावून टाकत. औषधाबद्दल कंसमामाला जेवढं कळत होतं, तेवढंच मेहुण्यांना गणितातलं कळत होतं. त्याला आपल्या जिभेवर काहीतरी बुळबुळीत असल्यासारखं झालं.

“मला माहीत नाही,” तो म्हणाला.

“काय?” आबा म्हणाले.

“माहीत नाही. डॉक्टरांनाच विचारावं लागेल.”

“अहो, तुमचंच मशीन आहे,” बायको हळूच म्हणाली. “सांगा ना काहीतरी. चारचौघांत…”

“काहीतरी सांगायला ते आहेच की.”

“इतकी वर्षं काय मग नुसत्या खुर्च्या उबवल्या?” आबा ड्रायव्हरांना उद्देशून म्हणाले. “एक आकडा सांगता येत नाही. अहो सिस्टर, लावा ते सहासष्ट. मशीनने सांगितलंय, ते काय उगाच सांगेल?”

“आबा, तुम्ही गप्प बसा.”

वडिलांना गप्प बसा म्हणायची ही त्याची पहिलीच वेळ. आबा खरोखरच गप्प बसले. ते जास्त वाईट होतं.

सिस्टरांनी फोन लावला. डॉक्टर उचलेनात. पुन्हा लावला. पंपाने औषध मिळत नसल्याची टीं टीं सुरू केली. कुणीतरी कुरकुरलं, की पूर्वीचं मशीन बरं होतं, ही नवी भानगड कुणी काढली. आबांचा श्वास जरा जोरात चालू झाला होता. तो औषध खोळंबल्यामुळे, की रागाने, हे कंसमामाला कळेना. आपण गप्प राहून बापाला मारतोय की वाचवतोय, तेही कळेना. तो खाटेच्या लोखंडी दांडीला धरून उभा राहिला. दांडी चिकट होती. त्याने हात काढला नाही.

अखेर डॉक्टरांनी फोन उचलला. ते काहीतरी खात होते; चावल्याचा आवाज सिस्टरांच्या कानातून बाहेर येत होता.

“आठ आधी वजा करा,” आवाज म्हणाला. “पाणी आहे ते. एकतीस. हे विचारायला फोन केलात?”

“डॉक्टर, चुकून सहासष्ट लावलं असतं तर?”

चावणं थांबलं. “कुणी सांगितलं सहासष्ट?”

सिस्टरांनी पडद्याकडे पाहिलं. पडदा अजून धन्यवाद म्हणत होता. “कुणी नाही,” त्या म्हणाल्या.

“लावू नका. हृदय बंद पडेल म्हाताऱ्याचं,” आवाज म्हणाला आणि पुन्हा चावू लागला.

सिस्टरांनी एकतीस लावलं, दोनदा वाचून पाहिलं, आणि आबांच्या हातावरची पट्टी नीट केली. पंपाची टीं टीं थांबली. आबा छताकडे बघत होते. शेवटचं वाक्य त्यांनीही ऐकलं होतं; फोनवर ओरडून बोलणारे डॉक्टर होते ते. थोड्या वेळाने त्यांनी हात पुढे केला आणि मुलाची बाही चिमटीत धरली.

कंसमामाने बाही हळूच सोडवून घेतली, बाहेर व्हरांड्यात आला आणि साहेबांना फोन लावला.

“बोला मामा. वडील कसे आहेत?”

“आहेत. साहेब, इथे आत्ता आपल्या मशीनने सहासष्ट दिलं. पाहिजे होतं एकतीस.”

“अरे बापरे. पण उत्तर आलं ना?”

“आलं.”

“मग सिस्टमचा दोष म्हणता येणार नाही. भरणाऱ्याने नीट भरायला नको? हिरवी सूचना आली होती का?”

“आली होती.”

“झालं तर. आपण सूचना दिली होती. मेहुणे म्हणतायत, अक्षरं हवं तर जरा मोठी करू. उद्या या, बसू. रंगाचंही बघू.” मागे कुठेतरी मेहुण्यांच्या चावण्याचा आवाज येत होता. आज सगळं जगच काही ना काही चावत होतं. “आणि मामा, हॉस्पिटलात याबद्दल फार बोलू नका. झाकली मूठ.”

“साहेब, तो प्रोग्राम आजच्या आज काढा.”

“बघू,” साहेब म्हणाले.

कंसमामाने फोन बंद केला. व्हरांड्याच्या कोपऱ्यात कुणीतरी थुंकलेलं होतं. रोज तो तिथून भिंतीला अंग चोरून जात असे. आज त्याला ती थुंकी तशी निरुपद्रवी वाटली. ती काही आकडा सांगत नव्हती.

तो आत गेला. “सिस्टर, चिकटपट्टी आहे?”

“जखमेची?”

“कसलीही. रुंद असली तर बरी.”

सिस्टरांनी खणातून पांढऱ्या पट्टीची गुंडाळी आणि कात्री काढून दिली. कंसमामाने पट्टीचे चार लांब तुकडे कापले आणि निळ्या चौकटीवर एकाखाली एक चिकटवले. चौकट झाकली गेली. मग त्याने सिस्टरांच्या खिशातलं पेन मागून घेतलं आणि पट्टीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘याला उत्तर देता येतं, गणित येत नाही. वापरू नये.’ खाली पूर्ण सही केली आणि सहीखाली कंपनीचं नाव लिहिलं.

सिस्टर वाचत उभ्या होत्या. “कुणी लावलं विचारलं तर?”

“सही आहे की.”

“कंपनी ठेवेल तुम्हाला?”

“तुम्ही हाताने करता येतील एवढी गणितं हाताने करा,” कंसमामा म्हणाला. “आणि डॉक्टरांना कंस बोलायला लावा. नाही बोलले तर फोन ठेवू देऊ नका.”

बायको खाटेपाशी उठून उभी राहिली होती. तिने पट्टीवरची अक्षरं लांबूनच वाचली, आणि नोकरीचं काही न विचारता म्हणाली, “वरच्या मजल्यावरही तेच मशीन आहे. येताना लिफ्ट आधी वर गेली, तेव्हा पाहिलं. बायकांच्या वॉर्डात.”

“लहान मुलांच्यातही आहे,” सिस्टर म्हणाल्या. “तिसऱ्यावर. पण तिथल्या सिस्टर माझं ऐकायच्या नाहीत.”

“ही ठेवू का माझ्याकडे?” कंसमामाने गुंडाळी वर धरून विचारलं.

“ठेवा. कात्री मात्र परत आणा, एकच आहे.”

दारापाशी आल्यावर त्याने पट्टीचं टोक नखाने उकललं. टोकाला कुणाचातरी लांब केस चिकटला होता. त्याने तो काढला नाही. तेवढ्यात वेळ गेला असता. खिशात फोन वाजू लागला होता. तो वाजू देत कंसमामा जिना चढू लागला.